सात नंबरचा पोळा

परभणीपासून समुद्र किती लांब आहे हे मला माहीत नाही. आमच्या कॉलेजात मात्र तो दुसऱ्या मजल्यावर, ग्रंथालयाच्या शेजारच्या खोलीत आहे. राजेश्री मॅडम दर पंधरवड्याला मीठ आणि आणखी पाच-सहा क्षार तोलून तो नव्याने तयार करतात, आश्रुबा तो ढवळतो आणि मग तो बाटल्यांत भरला जातो. मी तिथला ग्रंथपाल. पुस्तकं न्यायला फारसं कुणी येत नसल्यामुळे शेजारी काय चाललंय हे बघायला मला भरपूर वेळ मिळतो. ज्यांना माझं हे बघणं खटकतं, त्यांनी खुशाल येऊन पुस्तकं न्यावीत.

आश्रुबा हा त्या प्रयोगशाळेचा परिचर. पूर्णेच्या अलीकडच्या एका खेड्यातून सकाळच्या पॅसेंजरने येतो आणि आठला कुलूप उघडतो. लहानपणी आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायचा, त्यामुळे शाळा सातवीपर्यंतच झाली, तीही तीन गावांत मिळून. कॉलेजात लागला तो बागेला पाणी घालायला. तिथून शिपाई आणि शिपायाचा परिचर व्हायला एकवीस वर्षं गेली. परिचर झाल्यापासून त्याच्या हातून एकही काचेचं भांडं फुटलेलं नाही. आमच्या प्राध्यापकांबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

त्याचा दोष एकच. कुठलीही वस्तू जनावर आहे असं मानल्याशिवाय त्याला ती सांभाळताच येत नाही. पाण्याची मोटर सुरू झाली नाही की ती ‘पान्हवत न्हाई’. जनरेटर उन्हाळ्यात गरम झाला की त्याच्या अंगावर हा ओलं पोतं टाकतो आणि पाठीवरून हात फिरवतो. माणूस वेडा नाही. पण गोठ्यात वाढलेल्याला जग गोठ्यासारखंच दिसायचं, त्याला इलाज नाही.

सहा वर्षांपूर्वी राजेश्री मॅडमनी पीएच. डी. साठी मालवणच्या खडकावरून काहीतरी हिरवंनिळं खरवडून आणलं, तेव्हा आश्रुबाने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे खातं काय. मॅडम चारठाण्याच्या. दिवसभर अकरावी-बारावीला शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करणाऱ्या, आणि शिकवण्याची सवय लागल्यामुळे कुणालाही पहिल्यापासून समजावून सांगणाऱ्या. त्यांनी आश्रुबाला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की हे समुद्रातले नीलहरित जीवाणू. एक एक सुटा तर डोळ्यांना दिसतही नाही, इतका लहान. आणि हे खातात उजेड.

आश्रुबाला ते काही पटेना. बिगरचाऱ्याचं ढोर त्याने पाहिलं नव्हतं. मग मॅडमनी सांगितलं की यांच्या अंगात रंगद्रव्यं असतात. हिरवं हरितद्रव्य तर आहेच, पण त्याला सगळ्या रंगाचा उजेड पेलत नाही. म्हणून त्याच्या मदतीला एक निळं आणि एक लाल अशी आणखी दोन द्रव्यं, एकावर एक रचलेली. वरचं द्रव्य उजेड धरतं, खालच्याच्या हाती देतं, ते त्याच्या खालच्याच्या, असं करत उजेड शेवटी हरितद्रव्यापाशी पोचतो. आश्रुबा म्हणाला, म्हणजे स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात वर जातात तसं, फक्त हिकडं खाली. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. गेल्या वीस वर्षांत कॉलेजात कुणी एवढं स्वच्छ शिकवलेलं मला आठवत नाही.

त्या दिवसापासून आश्रुबाने बाटल्यांचा कळप आपला मानला. मॅडमनी आणलेल्या नमुन्यांतला सातवा तेवढा जगला, म्हणून त्याचं नाव सात नंबर. चव बघायची नाही असं बजावूनही तो बाटल्या भरायच्या आधी समुद्राचा एक थेंब जिभेवर ठेवायचा. एकदा म्हणाला, मॅडम, आज समुद्र अळणी झालाय. मॅडम रागावल्या, मग वही उघडून बघितलं तर मीठ खरंच निम्मंच तोललं होतं. तेव्हापासून त्या त्याला मामा म्हणायला लागल्या, आणि बाटल्यांना त्यांच्याशिवाय हात लावायची परवानगी फक्त मामांना मिळाली. मला नाही मिळाली. मी मागितली होती.

आता प्रयोगाचं सांगतो. समुद्रात तांबडा उजेड वरच्या वरच संपतो, हिरवा त्याच्यापेक्षा बराच खाली जातो. खाली राहणाऱ्याला मिळेल तेच खावं लागतं. म्हणून सात नंबरच्या भाऊबंदांतले काही जण हिरव्या उजेडात ठेवले की निळं द्रव्य कमी करतात आणि लाल वाढवतात, कारण हिरवा उजेड धरायला लाल द्रव्य लागतं. त्यामुळे हिरव्या उजेडातली बाटली लाल होते आणि तांबड्या उजेडातली हिरवीनिळी. मला हे उलटं वाटलं होतं. आश्रुबाला नाही वाटलं. तो म्हणाला, जे खाल्लं ते पोटात गेलं, ताटात उरलं तेवढंच दिसणार.

तर हा आपला सात नंबर रंग बदलतो का, हे मॅडमना बघायचं होतं. दिवाळीनंतर त्यांनी दोन लोखंडी कपाटं मोकळी केली, आत ट्यूबलाइट बसवल्या, एकीला हिरवा कागद गुंडाळला, दुसरीला तांबडा. प्रत्येक कपाटात सहा बाटल्या. दारं बंद. नऊ महिने दर आठवड्याला थोडं थोडं काढून मोजायचं.

तिसऱ्याच दिवशी आश्रुबाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उजेड खाणारं जनावर, त्याला कपाटात कोंडलेलं, आणि वैरण म्हणून कागदातून गाळलेला मिणमिणता उजेड. मला म्हणाला, असं तर सावकार बी करत न्हाई. मी म्हटलं, तुमच्या मॅडमना कळतं ते आपल्याला कळतं का. तो म्हणाला, ते खरं हाय. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला बाराही बाटल्या कपाटातून काढून खिडकीच्या कठड्यावर कोवळ्या उन्हात मांडायला लागला. दहाला परत आत. मॅडम तास संपवून साडेदहाला वर यायच्या, तेव्हा कपाटाची दारं बंद आणि आश्रुबा फरशी पुसत असायचा.

मी हे रोज बघत होतो. शपथेवर सांगतो, मला वाटलं हाही प्रयोगाचाच भाग आहे. एकदा तर कडुनिंबाची सावली दोन बाटल्यांवर आली होती, तेव्हा मी स्वतः उठून त्या उन्हात सरकवल्या. बाटल्यांना हात लावायची माझी हौस अशी फिटली.

जुलैत निकाल लागला. दोन्ही कपाटांतल्या बाराही बाटल्या एका रंगाच्या, हिरव्यानिळ्या. सात नंबर रंग बदलत नाही. मॅडमचे मार्गदर्शक पंडित सर बेहद्द खूश झाले. भाऊबंद बदलतात आणि हा बदलत नाही, म्हणजे हा निराळाच निघाला. ते स्टाफरूममध्ये म्हणाले की याला म्हणतात मराठवाड्याचा पीळ. जीव मालवणचा आहे याची आठवण मी त्यांना करून दिली नाही. या निकालाचं पाचवं प्रकरण झालं, प्रबंध टाइप झाला, आणि मॅडम पोळ्यासाठी आठ दिवस चारठाण्याला गेल्या. परत आल्या की बांधणीला द्यायचा आणि महिनाअखेर विद्यापीठात भरायचा. मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मिळते का, याची कुणालाच खात्री नव्हती. बाटल्या तोंडी परीक्षेपर्यंत तशाच जगवायच्या, एवढं त्या मामांना सांगून गेल्या.

आश्रुबाच्या दावणीला मात्र पोळ्याला काहीच नव्हतं. मुलाने, रामप्रसादने, दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकून ट्रॅक्टर आणला. मागच्या पोळ्याला चतुराबाईंनी, म्हणजे आश्रुबाच्या बायकोने, मातीचे बैल पुजले आणि रामप्रसादने ट्रॅक्टरला हार घातला. ट्रॅक्टरला पुरणपोळी दाखव असं तो आईला म्हणाल्यावर आश्रुबा ताटावरून उठून गेला होता. त्याला वाईट वाटलं होतं, फार वाईट. वर्षभर तो ते कुणाशी बोलला नाही, माझ्याशी एकदाच बोलला.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी साडेचारला तो पिशवीतून हळद आणि लोणी घेऊन आला. खांदमळणी आपल्याकडे बैलांच्या खांद्यांची करतात. बाटलीला खांदा असतो हे मला तेव्हा कळलं. तोंडाचा कापसाचा बोळा न काढता, आतल्या जिवाला धक्का न लावता, त्याने बाराही बाटल्यांचे खांदे बाहेरून हळद-लोण्याने चोळले, फडक्याने पुसले आणि प्रत्येकीपुढे वाकून रीतीप्रमाणे म्हणाला, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” मी दारात उभा होतो. हसू आलं होतं, पण त्याचं तोंड बघून मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही तो आला, आणि काय करतो ते बघायला मीही. कपाटांच्या दारांना बेगड चिकटवली, डबा उघडला आणि बाराही बाटल्यांना एकेक पुरणपोळी काचेबाहेरून दाखवली. आत कण जरी गेला तरी मॅडमचं सगळं नासेल, एवढी समज त्याला होती. मग प्रश्न आला नैवेद्याचा. तो टाकता येत नाही. दोन पोळ्या मी खाल्ल्या. उरलेल्या दहा त्याने.

आणि त्या दिवशी त्याने बाटल्या उन्हात काढल्या नाहीत. मी कारण विचारलं. म्हणाला, उजेड वढायचा हेच त्यांचं काम, आन पोळ्याला कुणी जोताला जुपत असतंय का. दुसऱ्या दिवशी कर, त्याही दिवशी सुट्टी. तिसऱ्या दिवसापासून दहा पुरणपोळ्यांनी आपला हिसका दाखवला आणि आश्रुबा चार दिवस घरी झोपून राहिला. चतुराबाई फोनवर मला म्हणाल्या की ओवा देऊन बघितला, काढा देऊन बघितला, पण बारा बैलांचं एकट्यानं खाल्ल्यावर दुसरं काय होणार.

सातव्या दिवशी सकाळी तो आला, कपाट उघडलं आणि मला हाक मारली. त्याच्या हाकेवरूनच मी चपला न घालता गेलो. हिरव्या कपाटातल्या सहाही बाटल्या लाल झाल्या होत्या. विटेसारख्या लाल. आश्रुबाला वाटलं रक्ती हगवण. जनावरांत होते ती. खाली बसला आणि म्हणाला, माझ्या हातानं मेले.

मी जाऊन इंग्रजी पुस्तक आणलं. सहा वर्षं मॅडमशिवाय कुणी न उघडलेलं. चित्र काढून त्याच्यापुढे धरलं. हिरव्या उजेडात लाल. मेले नाहीत, आजारी नाहीत, पुस्तकात आहे तसेच झालेत. सात नंबरसुद्धा भाऊबंदांसारखा रंग बदलतो. मी खूश झालो. मग माझ्या मनात आलं, की मग नऊ महिने का नाही बदलला? आणि वर बघितलं तर आश्रुबा खिडकीच्या कठड्याकडे बघत होता.

त्याला माझ्याआधी कळलं होतं. कपाटातला दिवसभराचा उजेड म्हणजे चघळायला काडी, आणि सकाळचं दोन तासांचं ऊन म्हणजे पोटभर वैरण. सगळ्या रंगाचं ऊन रोज भरपेट मिळत असेल तर कोण कशाला रंग बदलेल? मॅडमचं पाचवं प्रकरण आश्रुबाच्या दयेवर उभं होतं.

यानंतर मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हटलं, आश्रुबा, मॅडम उद्या येणार. या सहा बाटल्या मोरीत ओता, मांडणीवरच्या साध्या उजेडातल्या हिरव्या बाटल्या आत ठेवा. कुणाला काही कळणार नाही. पोरीचा प्रबंध भरला जाईल, तिची सहा वर्षं वाचतील, आणि तुमचंही कुणी नाव घेणार नाही. माझा हेतू चांगला होता. वाईट कामात माझा हेतू नेहमीच चांगला असतो.

आश्रुबाने एक बाटली उचलली, खिडकीकडे धरली आणि बराच वेळ बघितली. मग म्हणाला, “साहेब, नऊ महिने ह्येला खरं बोलू दिलं न्हाई म्या. आज बोलायलंय तर मोरीत ओतू?”

मी पुस्तक घेऊन माझ्या खोलीत गेलो. त्या दिवशी कुणी पुस्तक न्यायला आलं असतं तर मी त्याच्यावर खेकसलो असतो, पण कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. चारठाण्याहून आमच्यासाठी करंज्या आणल्या होत्या. आश्रुबाने डबा हातात घेतला नाही. आधी कपाट उघडलं, मग सगळं सांगितलं, पहिल्या सकाळपासून. माझं नाव त्याने घेतलं नाही, म्हणून मला पुढे होऊन सावलीतल्या दोन बाटल्यांचं सांगावं लागलं.

मॅडम स्टुलावर बसल्या. त्यांनी विचारलं, “रोज?”

“रोज, मॅडम.”

“रविवारी?”

“ढोराला रईवार नसतो.”

“संक्रांतीला सुद्धा?”

“तिळगूळ घेऊन आलो व्हतो.”

त्या हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. आश्रुबा भिंतीला टेकून उभा राहिला, मी करंज्यांचा डबा धरून. प्रबंधाची टाइप केलेली प्रत टेबलावर होती. तिला फक्त पुठ्ठा चढायचा बाकी होता. लाल बाटल्या आम्हा तिघांशिवाय कुणी पाहिल्या नव्हत्या. हे मॅडमच्याही लक्षात आलं असणार, कारण त्या टेबलावरच्या प्रतीकडे फार वेळ बघत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले, बांधणीवाल्याला फोन लावला आणि सांगितलं की इतक्यात नाही.

पंडित सरांनी आधी आरडाओरडा केला, मग मुदतवाढीच्या अर्जावर सही केली आणि बाहेर येऊन म्हणाले की मला पहिल्यापासून शंका होतीच. मॅडमनी बाजारातून दोन कुलपं आणली, दोन्ही कपाटांना लावली आणि किल्ल्या पर्समध्ये ठेवल्या. मामांना काही बोलल्या नाहीत. नुसतं सांगितलं की मी म्हणेपर्यंत बाटल्यांना हात लावायचा नाही.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. आश्रुबा रोज आठला यायचा, फरशी पुसायचा, काचेची भांडी घासून झाली की पुन्हा घासायचा आणि व्हरांड्यात स्टुलावर बसायचा. समुद्र मॅडम स्वतःच ढवळायच्या. एकदा त्यांच्या हातून चंचुपात्र फुटलं, तेव्हा आश्रुबा उठला आणि परत खाली बसला. मला म्हणाला की नोकरीची चार वर्षं उरलीत, बागेत झाडांना पाणी घालायचं परत मिळालं तरी बरं. मी त्याला धीर दिला, पण मला तो देता येत नाही.

तिकडे धान्याच्या कोठारातल्या उंदरासारख्या मॅडम रात्रंदिवस वह्या कुरतडत होत्या. मांडणीवरच्या बाटल्या नव्याने हिरव्या कपाटात कोंडल्या, त्या आठवड्याभरात लाल झाल्या. नक्की झालं. मग त्यांनी नऊ महिन्यांचे जुने आकडे पुन्हा काढले, आणि एका सकाळी त्या वही घेऊन थेट ग्रंथालयात आल्या. म्हणाल्या की आकडे चुकलेलेच नाहीत. फक्त त्यांच्यावर मथळा चुकीचा पडलाय. बावीस तास हिरव्या उजेडात कोंडलं, तरी दोन तास मोकळं ऊन मिळालं तर सात नंबर रंग बदलत नाही, एवढं ते आकडे सांगतात. हे मुद्दाम करून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आता ते एकदा नीट, मोजून करायचं. दोन्ही कपाटांत हिरवाच कागद लावायचा. एकातल्या सहा बाटल्या रोज आठ ते दहा उन्हात, दुसऱ्यातल्या सहा कधीच बाहेर काढायच्या नाहीत. आठ आठवडे. मुदत उरली होती ती नऊ आठवड्यांची.

आणि सकाळी आठ ते दहा मॅडमचे तास असतात.

त्यांनी आश्रुबाला आत बोलावलं. मीही गेलो, मला कुणी बोलावलं नव्हतं. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, पहिल्यापासून, स्टुलावर बसवून. म्हणाल्या, प्रबंधात लिहावं लागेल की ऊन कुणी दिलं, आणि मी लिहिणार आहे. पर्समधून दोन्ही किल्ल्या काढल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या.

आश्रुबाने त्यातली एक कुठल्या कपाटाची ते विचारून घेतलं आणि दुसरी टेबलावर मॅडमच्या पुढे सरकवली.

“उन्हातल्याची मी ठिवतो,” तो म्हणाला. “कोंडलेल्याची तुमच्यापाशीच असू द्या, मॅडम. सकाळच्या पारी मला त्याहिची लय कीव येती. माझा भरवसा न्हाई.”

मॅडमनी ती किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढून घेतली.